ब्राउनीचं शेपूट आणि माझं तिकीट

८ जानेवारी, सकाळी
पंचायत समितीचं तिकीट पक्कं झालं. आजच लिहून ठेवतो. नंतर गावातला प्रत्येक रिकामटेकडा म्हणणार, आम्हाला आधीच माहीत होतं.

काल विठ्ठलराव साहेबांच्या बंगल्यावर गेलतो. तालुक्यातली तिकिटं तिथूनच निघतात. म्हटलं, साहेब, औंदा माझं बघा. साहेब मोबाईलमध्ये बघत होते. म्हणाले, बघू. मान वर न करता म्हणाले. ज्याच्यावर भरवसा आहे त्याच्याकडं कशाला बघत बसायचं?

मग त्यांनी तुळजाबाई वहिनीसाहेबांना हाक मारली आणि नातीचं मांजर आणून माझ्या हातात दिलं. नात राजनंदिनी परीक्षेला अंबाजोगाईला गेलीय. बंगल्यावर निवडणुकीची गर्दी, मांजर बिथरलंय. साहेब म्हणाले, त्रिंबक, दहा-बारा दिवस तू सांभाळ, आणि घर सोडू नको.

तिकिटाला दुसरा इच्छुक सुरज. तिशीतला आहे आणि स्वतःला लई हुशार समजतो. त्याला साहेबांनी ऊसतोडीच्या टोळ्यांकडं पिटाळलं. आमचं निम्मं गाव दिवाळीपासून कारखान्यांवर आहे, त्यांना भेटून ये म्हणाले. आता बसेल आठ दिवस पाचटात. गाडीत बसताना हसत होता, पण असलं हसणं मी ओळखतो.

एकाला उसाचा फड दिला आणि एकाला घरातलं मांजर. साहेबांच्या मनात काय आहे हे सांगायला ज्योतिषी नको.

८ जानेवारी, दुपारी
मांजराचं नाव ब्राउनी. रंग पांढरा. बोका आहे. मोठ्या घरात चालतं असं.

बास्केट उघडली तसा सरळ धान्याच्या कोठीमागं गेला. तिथून परिस्थितीचा अभ्यास करतोय. सुरेखा म्हणाली, घाबरलाय त्यो, नवं घर हाय, पानी ठिवा आन आपापल्या कामाला लागा. बायको तलवाड्याची. तिच्या माहेरी सात-आठ मांजरं कायम घरात, म्हणून स्वतःला जनावरांची डॉक्टर समजते.

साहेबांचं मांजर कोठीमागं बसलेलं चांगलं दिसत नाही. हात घालून बाहेर काढला. डाव्या हातावर चार ओरखडे, उजव्यावर तीन. हळद लावलीय.

९ जानेवारी
संकल्प: मांजराची बॉडी लँग्वेज शास्त्रशुद्ध शिकायची. मोबाईलवर व्हिडिओ ढिगानं आहेत. इंग्लिशमध्ये आहेत, पण मला नुसतं बघून समजतं. वीस वर्षं माणसं वाचतोय. दोन टर्म ग्रामपंचायत मेंबर, अकरा महिने उपसरपंच. मांजर काय घेऊन बसलात!

सुरेखाला व्हिडिओ दाखवला. दोन मिनिटं बघितला आणि म्हणाली, हे शिकायला शाळा लागती व्हय? भांडी घासायला निघून गेली. शिक्षणाची आवडच नाही घरात.

१० जानेवारी
प्रगती. ब्राउनी माझ्यासमोर बसून शेपूट आपटत होता. आधी हळू, मग जोरात. सुरेखाला म्हटलं, बघ, किती खूष आहे. ती म्हणाली, कुत्रं न्हवं ते, मांजरानं शेपूट आपटलं म्हंजी वैतागलंय, हात मागं घ्या. मी हात मागं घेतला नाही. बायकोच्या सल्ल्यानं चाललो असतो तर अकरा महिने उपसरपंच राहिलो असतो का?

अंगठ्याला चावला. खेळकर आहे.

सुरेखानं ओढत धारूरच्या दवाखान्यात नेलं. चार-पाच इंजेक्शनं घ्यायचीत, पहिलं झालं. रांगेत ओळखीचे तिघं होते. काय चावलं म्हणून विचारायला लागले. साहेबांच्या घरचं आहे म्हटलं, तसे तिघंही गप झाले.

१२ जानेवारी
आजचा धडा: डोळे. व्हिडिओतली बाई मांजराकडं बघत डोळे सावकाश मिटते, सावकाश उघडते. त्याचा अर्थ, माझा तुझ्यावर विश्वास आहे. मी अर्धा तास केलं. ब्राउनी पाठ करून बसला. ज्याच्यावर विश्वास असतो त्यालाच पाठ दाखवतात, हेही व्हिडिओत होतं.

मग विचार केला, हे माणसाला का लागू होऊ नये? दुपारी बंगल्यावर बैठक होती. घर सोडू नको असं साहेबांनी सांगितलं होतं, पण दहा मिनिटांनी काय होतंय. पहिल्या रांगेत बसलो. साहेब बोलत असताना त्यांच्या डोळ्यांत बघून डोळे सावकाश मिटले, सावकाश उघडले. पाच-सहा वेळा. साहेब बोलायचे थांबले. म्हणाले, त्रिंबक, डोळे आलेत का बे? घरी जा, दुसऱ्याला लागंल.

एवढ्या गर्दीत माझ्या तब्येतीवर नजर. बाकीच्यांचे चेहरे उतरले असतील, मी बघितले नाहीत.

१४ जानेवारी, संक्रांत
सुरजनं व्हॉट्सॲपवर फोटो टाकलाय. ऊसतोडवाल्यांच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, मांडी घालून भाकरी खातोय, मांडीवर वही, तोंड उन्हानं काळं पडलंय. खाली गावातल्या बावन्न जणांनी अंगठे दाखवलेत. लाचार लोक. मी दाखवला नाही.

सुरेखाला तिच्या भावाचा फोन आला. तोही टोळीत आहे. म्हणाला, सुरज आलता, कोपी-कोपीत जाऊन बसला, म्हातारीच्या गुडघ्याचं सुदिक ऐकून घेतलं, मतदानाला गाड्या लावतो म्हणला, दाजी कवा येणार? मी तिच्या हातून फोन घेतला आणि सांगितलं, मोठ्या जबाबदारीवर आहे. तेवढ्यात ब्राउनी मागं ओरडला. मेव्हण्यानं विचारलं, मांजर हाय का? मी म्हटलं, रेंज नाही, आणि फोन ठेवला.

मग सुरेखा सुरू झाली. मतदार समदे तिकडं, इथं कोन हाय? मी आन बोका. दोन दिस जाऊन या, बोक्याला मी बगते. तुमाला तिकीट पायजे ना? मग काहून बसलाव घरात?

तिकीट पाहिजे ना, असं मला विचारते! वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सभेत सतरंज्या टाकल्या. एकदा, फक्त एकदा, मतपत्रिकेवर माझं नाव वाचायचंय. पण साहेबांचा आदेश म्हणजे आदेश. घर सोडणार नाही. तिळगूळ दिला तिनं, पण बोलली नाही.

१५ जानेवारी, सकाळी
आज इच्छुकांच्या मुलाखती. साहेबांना फोन केला, कधी येऊ? म्हणाले, तू कशाला येतो, तू मांजराकडं बघ, तुझं मी बघतो.

मुलाखत न देता तिकीट! तालुक्यात असं कधी कुणाचं झालं असेल असं वाटत नाही. अर्ज भरायच्या दिवसासाठी पांढरा ड्रेस कडक इस्त्री करून आणला आणि खुर्चीवर ठेवला.

१५ जानेवारी, संध्याकाळी
ब्राउनी आपणहून ड्रेसपाशी गेला. खुर्चीकडं पाठ केली, शेपूट ताठ वर, नुसतं थरथरत होतं. व्हिडिओप्रमाणे शेपूट वर आणि थरथर म्हणजे अत्यानंद. मी मोबाईल काढून फोटो घेत होतो. सुरेखा आतून ओरडली, अवो बगत काय बसलाव, हाकला त्याला!

फोटो चांगला आला. ड्रेस तीन पाण्यांनी धुतला तरी वास आहे. सुरेखा म्हणते, बोका असाच फवारा मारून जागा आपली करतो. म्हणजे त्यानं मला आपलं मानलं. ही बाई बोलते बरोबर, पण अर्थ काढता येत नाही तिला.

१७ जानेवारी
ब्राउनीनं उंदीर मारून आणला आणि सुरेखाच्या पायाशी ठेवला. अंधारात चुकला असेल, मी शेजारीच होतो. दुपारचे बारा वाजले होते, पण कोठीच्या खोलीत उजेड कमीच असतो.

आता दिवसभर तिच्या मांडीवर असतो. पंजांनी तिच्या पोटावर कणीक मळल्यासारखं करतो, घुरघुरतो. मी गेलो की कान मागं चपटे करतो. आदर. सुरेखानं एकही व्हिडिओ बघितला नाही, त्याच्या मागं लागली नाही, नुसतं दूध-भाकरी ठेवते आणि आपलं काम करते. तिला विचारलं, तुला कसं कळतं त्याचं? म्हणाली, त्याच्याकडं बगितलं की कळतं, तुमी सोताकडंच बगताव.

दुसऱ्याचं यश काही लोकांना सहन होत नाही.

१९ जानेवारी
वहिनीसाहेब गाडी घेऊन आल्या. राजनंदिनीची परीक्षा संपली, मांजर न्यायला आल्या. ब्राउनी सुरेखाच्या खांद्यावरून उतरेना. सुरेखानं त्यांना आत चहाला नेलं. मी ओसरीवर बसलो होतो. आतलं सगळं ऐकू येतं तिथं.

वहिनीसाहेब हसत होत्या. म्हणाल्या, मांजरापायी तुला ताप झाला आसंल गं. साहेब म्हणले, त्रिंबकचा जिभंवर ताबा न्हाई, मुलाखतीच्या टायमाला दारात ठाण मांडून बसंल, चारचौघात शब्द मागंल. त्याला मांजर द्या, घरी तरी बसंल. सुरजचं तर ठरल्यातच जमा होतं, त्यानं टोळ्या पन बांधून आनल्या.

मला वाटलं सुरेखा आता हसणार. हसली नाही. म्हणाली, वहिनीसाहेब, तिकीट द्यायचं न्हवतं तर न्हाई म्हनायचं. वीस वर्सं तुमच्या दारात हायत हे. एक डाव तोंडावर न्हाई म्हनलं आसतं, तर माणूस म्हनून तरी इचारलं आसं झालं आसतं. मांजर काहून दिलं?

वहिनीसाहेब ब्राउनीची बास्केट घेऊन बाहेर आल्या. मग गाडी गेली. मी उठून निरोप द्यायला गेलो नाही.

वाईट वाटलं. लई वाईट वाटलं. दुसरं काय लिहायचं.

१९ जानेवारी, संध्याकाळी
शांतपणे विचार केला. वहिनीसाहेबांना राजकारणातलं काय कळतं? साहेब घरात सगळं खरं थोडंच सांगतात. अर्ज भरायला अजून दोन दिवस आहेत. सुरेखाला असं म्हटलं, तर तिनं नुसतं माझ्या अंगठ्याची पट्टी बदलली.

२१ जानेवारी
अर्ज भरायचा शेवटचा दिवस. सकाळी साहेबांचा स्वतःचा फोन आला, तहसीलला ये. सुरेखा म्हणाली, जाऊ नगा. गेलो. शेवटच्या तासाला उमेदवार बदललेले मी डोळ्यांनी बघितलेत.

धारूरला तहसीलसमोर हलगी वाजत होती. साहेबांनी गर्दीतून मला पुढं घेतलं आणि खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, त्रिंबक म्हणजे आपला घरचा माणूस. टेबलावर अर्ज होता. उमेदवाराचं नाव सुरज. खाली सूचकाची, म्हणजे त्याचं नाव सुचवणाऱ्याची, जागा रिकामी. साहेब काहीतरी सांगायला लागले होते. त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी पेनाचं टोपण काढलं.

सही चांगली आली. सुरज पाया पडला. त्याचे हात अजून उसानं चिरलेले होते. फोटोत मी एका कडेला आहे, अर्धा.

घरी येताना गाडीवर वाक्य तयार केलं. अर्ज भरला, गर्दी लई होती, साहेबांनी सगळ्यांसमोर खांद्यावर हात ठेवला. एकही शब्द खोटा नाही. दारात चप्पल काढली. सुरेखा चुलीपाशी होती. तिनं माझ्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि मी वाक्य सुरू करायच्या आत ताट वाढलं.