कर्टिस होलुबबद्दल माझं काहीही मत नाही

१२ सप्टेंबर
आज जजसमोर हात वर करून शपथ घेतली. आता मी कोर्टाचा स्वयंसेवक, गळ्यात ओळखीचं कार्ड. आईबापांनी मारलेल्या किंवा वाऱ्यावर सोडलेल्या मुलांना भेटायचं आणि त्यांचं भलं कशात आहे ते जजना सांगायचं. पगार नाही. आमच्यावर देखरेख ठेवणाऱ्या पॉलेटबाईंनी विचारलं, हे काम का घ्यावंसं वाटलं? वेळ आहे, म्हटलं. माझी बायको जॉइस फेब्रुवारीत गेली, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.
तटस्थ राहायचं. धान्याच्या गोदामावर सगळी नोकरी गव्हा-मक्याची प्रत ठरवण्यात गेली. मक्याशी मैत्री करून प्रत ठरवत नाहीत.

२० सप्टेंबर
पहिली केस मिळाली. ब्रिन, वय नऊ. आई गोळ्यांच्या नादी लागली. मुलगी घरात एकटी, शेजाऱ्यांच्या लक्षात येईपर्यंत कोरडा पाव खाऊन राहिलेली. आईने आता हक्क सोडले आहेत. ब्रिन सध्या होलुब नवरा-बायकोकडे, सरकारने सोपवलेल्या तिसऱ्या तात्पुरत्या घरात. त्यांना तिला दत्तक घ्यायचं आहे. दूर वायोमिंग राज्यात तिची एक मावशी आहे, शेरिल. तीही न्यायला तयार आहे. दोघांपैकी कुणाकडे, ते डिसेंबरात मी सांगायचं.
पॉलेटबाई म्हणाल्या, केस संपेपर्यंत मुलीला सोडायचं नाही. म्हणजे ती अठरा वर्षांची होईपर्यंत. तेव्हा मी सत्त्याहत्तरचा असेन. जमेल.

२७ सप्टेंबर
पहिली भेट. ब्रिन एकूण दोनच शब्द बोलली. "कर्टिस कुठंय?"
कर्टिस होलुब शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करतो. आडदांड. कारण नसताना हसतो.
माझं मत अजून बनलेलं नाही.

४ ऑक्टोबर
शनिवारची भेट. होलुबांकडे चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे गोड रोल, शाळेच्या कँटीनमध्ये असतात तसे. कर्टिस म्हणाला, "बसा हो वॉरन, ताट वाढलंय. का तपासणीवर आलेल्यांनी जेवायचं नसतं?" निरीक्षणासाठी बसलो. ब्रिनने त्याच्या ताटातला रोल न विचारता उचलला. शिस्तीचा अभाव. त्याने बोटं चाटून तिला दुसरा दिला. साखरेचा अतिरेक. मी नेलेली सफरचंदं तशीच पडून होती.
मी दोनदा वाढून घेतलं. पुरावा नीट पाहायला हवा.

१८ ऑक्टोबर
गंभीर बाब. ब्रिनच्या पलंगाखाली कचऱ्याची काळी पिशवी. भरलेली, तोंड बांधलेलं. मागच्या शनिवारीही तिथेच होती. मार्ला, म्हणजे कर्टिसची बायको, दिवसभर घरी असते आणि कचरा मुलीच्या पलंगाखाली साठतो. रिपोर्टसाठी टिपून ठेवलं. मुद्दा क्रमांक एक.
ब्रिन मला 'कोर्टवाले' म्हणते. त्याला कर्टिस म्हणते.

२५ ऑक्टोबर
पत्त्यांची एक जादू आठवडाभर आरशासमोर बसवली होती. आज करून दाखवली. कर्टिसला ती आधीपासून येत होती. मी चुकणार, हे ओळखून त्याने ब्रिनच्या मागून मला खुणेने बदामाचा गुलाम दाखवला. ब्रिनने टाळ्या वाजवल्या. कुणासाठी, ते स्पष्ट झालं नाही.
पुढच्या वेळी जादू नाही.

२ नोव्हेंबर
पॉलेटबाईंना फोन केला. सहज विचारलं, समजा एखाद्या स्वयंसेवकाच्या घरी एक खोली रिकामी असेल, त्यात शिवणाचं मशीन असेल पण ते हलवता येण्यासारखं असेल, तर मूल त्याच्याकडे राहू शकेल का?  बाई म्हणाल्या, तसं चालत नाही. त्याला आधी केस सोडावी लागेल, आणि त्यानंतरही कठीणच. आणि तुम्ही बरे आहात ना, वॉरन?
मी एका मित्रासाठी विचारत होतो, असं सांगितलं. मित्र कोण, ते त्यांनी विचारलं नाही, हे बरं झालं.

९ नोव्हेंबर
शेरिलमावशीशी फोनवर बोललो. बाई उत्तम. आवाज स्वच्छ. ब्रिनला दोनदा 'ब्रेंडा' म्हणाल्या, पण लांबचा फोन होता. भाचीचं वय त्यांना पाच वाटत होतं. वाढदिवसाला पाहिलं होतं, कुठल्या ते आठवत नाही. एकंदर पाहता वायोमिंगच श्रेयस्कर. ताजी हवा. रक्ताचं नातं. कर्टिसचं घर तिथून एका दिवसात गाठता येत नाही.
हा शेवटचा मुद्दा रिपोर्टमध्ये घालायचा नाही.

२२ नोव्हेंबर
रिपोर्टचा कच्चा मसुदा तयार. कचऱ्याची पिशवी सर्वांत वर. खात्री करून घ्यायला होलुबांकडे गेलो. पिशवी होतीच. ब्रिनला म्हटलं, हा कचरा बाहेर नेऊन टाकायला इथे कुणी सांगत नाही का?
तिने पिशवी ओढली आणि गाठ सोडली. आत तिचे कपडे. टूथब्रश. मार्लाने विणलेली टोपी.
"तुम्ही यायच्या दिवशी भरून ठेवते," ती म्हणाली. "आधीच्या दोन्ही घरी असेच गळ्यात कार्ड घातलेले आले होते. चल म्हणाले, आवर पटकन. माझा एक बूट राहिला तेव्हा."
मी म्हटलं, मी मुलांना न्यायला येणाऱ्यांपैकी नाही.
"मग येऊन बघता काय एवढं?"
 कर्टिसला हे ठाऊक आहे का, असं विचारलं.
"हो. तुम्ही गेलात की आम्ही दोघं सगळं परत कपाटात लावतो. तो घड्या फार वाईट घालतो." मग पिशवीकडे बघतच तिने विचारलं, "तुम्ही कर्टिसवर रागावलाय ना?"
नाही, म्हटलं.
"मग सांगा ना त्या जजना. मला इथंच राहायचंय. ते तुमचंच ऐकतात म्हणे."
परत येताना गळ्यातलं कार्ड काढून गाडीच्या खणात टाकलं. इतके शनिवार मी बेल वाजवली की आत एक मूल सामान बांधत होतं.
मुद्दा एक खोडला. दोन आणि तीनही. साखरेचा ठेवणार होतो. तोही खोडला.

१० डिसेंबर
सुनावणी. जजनी विचारलं, मिस्टर डॉलक्विस्ट, तुमचं म्हणणं काय? मी उभा राहून म्हणालो, ब्रिनने होलुबांकडेच कायमचं राहावं, त्याहून चांगलं घर तिला मिळणार नाही. माझा आवाज मुळात हळू. जज म्हणाले, ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा.
एकदा म्हणणं ठीक होतं. दोनदा म्हणायला लावणं जरा जास्त झालं.
जजनी मान्य केलं. शेरिलमावशी आल्या नव्हत्या. कर्टिस भर कोर्टात रडला. मोठ्याने. मी रडत नाही.

११ फेब्रुवारी
जॉइस.
आज काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. संध्याकाळी दारात कर्टिस, हातात चिलीचा डबा. तारीख त्याला कुणी सांगितली? ब्रिनला मी कधीतरी सांगितली असेन. आत ये म्हटलं नाही, तरी आला. जॉइसच्या फोटोसमोर टोपी काढून उभा राहिला.  तेवढ्या वेळात एकदाही हसला नाही.
रोल दोनच आणले होते. मला किती पुरतात, हे ठरवणारा तो कोण? तेवढेच पुरले.

१३ मार्च
दत्तकविधान. जजनी ब्रिनला त्यांचा हातोडा आपटू दिला. तिने चारदा आपटला. आता ब्रिन होलुब. टाळ्या संपल्यावर जज माझ्याकडे वळले, म्हणाले, आभारी आहोत, केस संपली, कोर्ट तुम्हाला मोकळं करत आहे. मी पॉलेटबाईंना हळूच विचारलं, म्हणजे कधीपासून? त्या म्हणाल्या, आत्तापासून, वॉरन.
मला वाटलं होतं, ती अठराची होईपर्यंत. ती नऊचीच आहे.
सगळे जजभोवती फोटोला उभे राहिले. मला कुठे उभं राहायचं ते कळेना, म्हणून मीच फोन मागून घेतला आणि फोटो काढला. पाहिला तर माझा अंगठा नेमका कर्टिसच्या चेहऱ्यावर. निव्वळ योगायोग. ब्रिनने फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि फोन शिपायाच्या हातात दिला. "कोर्टवाले, तुम्ही इकडे या." मला तिने स्वतःच्या आणि कर्टिसच्या मधे उभं केलं. कर्टिसचा हात खांद्यावर पडला. जड आहे.

१६ मार्च
फोटो आला. मार्लाने मोठा छापून पाठवलाय. माझे डोळे मिटलेले आहेत. कर्टिस चांगला आला आहे.