वेशीवरचा कावळा

१० नोव्हेंबर, सोमवार
आले: हेडफोन, एक. १,४९९ रुपये, दारात दिले. ह्यांनी जाण्याआधी मागवलेले. परत करणार होते, पण उघडून पाहिले. आता घेत नाहीत.
ह्यांना जाऊन महिना होईल. मी ठीक आहे. जेवते. रडूबिडू येत नाही.
महिनाअखेर नेट बंद करणे. पोस्टातून रिटायर झालेला माणूस कम्प्युटरवर धनुष्यबाण खेळायचा. आता कोण खेळणार?

१२ नोव्हेंबर
बंद करण्याआधी गेम एकदा पाहिला. नुसता पाहिला. ह्यांचा माणूस तळ्याकाठी उभा आहे. हिरवी शाल. डोक्यावर नाव, विष्णू ४०२१०७. पेणच्या पिनकोडसकट. खांदे वरखाली होतात, श्वास घेतल्यासारखे.

१५ नोव्हेंबर
ऋजुताला बेंगळुरूला फोन. सहज विचारले, त्या गेमात मेलेले कुठे जातात. म्हणाली, आई, प्रत्येक जमातीचं वेगळं. मीठकऱ्यांत मेलेला मीठ होतो, घरचे आमटीत घालतात. पटले. वाया जात नाही. धुरवे म्हणतात, वर अगदी असेच गाव, तेच शेजारी. मग मरून फायदा काय?
बाबा काकपंथी, म्हणाली. वेशीवरच्या कावळ्याने घास घेतला की माणूस सुटतो. पण खेळातूनच कायमचा जातो हं, तू हात लावू नकोस.
कावळ्याचे मला शिकवते.

१६ नोव्हेंबर
शेजारच्या गिरजाबाईंनी दहाव्याचा विषय काढलाच. रोह्याला, ह्यांच्या गावी, नदीवर कावळा पिंडाला शिवला नव्हता. लेकीचे लग्न करू, रेडिओ मोडीत घालणार नाही, सगळे कबूल करून झाले. शेवटी दर्भाचा कावळा केला. गिरजाबाई म्हणाल्या, जीव अडकलाय गो त्यांचा कशात तरी, नायतर भाताला कावळा नाय म्हणतो व्हय?
त्यांच्या चहात साखर कमी घातली.
नेट महिनाभर वाढवले. ह्यांच्यासाठी.

१९ नोव्हेंबर, रात्र
दुपारी आंघोळ करून बसले. ह्यांच्या माणसाला वेशीपर्यंत नेले. वाटेत दोनदा तळ्यात पडला. कावळा होता. पिशवीतली भाकरी ठेवली. ढिम्म. लग्नाचे कबूल केले. ढिम्म. मग हेडफोन घालून हळू म्हटले, देवाला दिवा लावते तसा रोज हा गेम लावीन, तुम्ही दिसत राहा.
लगेच शिवला!
पडद्यावर इंग्रजीत काहीतरी विचारत होते. अशा वेळी नाही म्हणू नये. होय दाबले.
सुटले एकदाचे. गिरजाबाईंना सांगायला हवे. रात्री भूक नव्हती.

२० नोव्हेंबर
बोलल्याप्रमाणे गेम लावला. तळ्याकाठी कोणी नाही. वेशीवरही नाही. ऋजुताला फोन. म्हणाली, सांगितलं होतं ना, आई.
बरेच झाले. डोळ्यांना त्रासच व्हायचा.

२१ नोव्हेंबर
गेमच्या कंपनीला पत्र, कच्चे:
मा. साहेब, आमचे विष्णू ४०२१०७ परवा दुपारी आपल्या कावळ्यामार्फत रवाना झाले. प्रश्न मराठीत नव्हता, त्यामुळे चूक माझी धरू नये. ते परत पाठवता येत असल्यास येणारा खर्च मी देईन. येत नसल्यास, कुठे पोचते केले तो पत्ता तरी, पिनकोडसह, उलट टपाली कळवावा.