अंगठा आणि पालखी

सौ. भागीरथीस आशीर्वाद.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. डिचोलीत सुखरूप पोचलो. देवळात जेवण वेळेवर मिळते.

सनईचा भार पेलून उजवा अंगठा दुखतो. ढोलवाला विठू म्हणाला, "काका, सनई पळान जावची नाय, तिचो गळो कित्याक आवळतास?" तेव्हापासून ती सैल धरतो. बसल्यावर तिचे टोक गुडघ्यावर टेकवतो. बरे वाटते.

पण सोमवारी पालखीपुढे चालत वाजवायचे आहे. इथे सनई थांबली की पालखीही थांबते.

तुझे गुडघ्याचे तेल चुकून माझ्या पिशवीत आले. अंगठ्याला लावतो. तुझा गुडघा कसा आहे?

आपल्या गौरेशला मुद्दाम पाठव, असे म्हणत नाही. पण तो मोकळा असेल, तर त्याची सनई घेऊन सहज येऊ दे.

गौरेशचा बाबा