दुसरी अष्टमी

२७ ऑक्टोबर
चे., म्हणजे आमचे चेअरमन, आल्या आल्या रूम फ्रेशनर मारतात. गुलाबाचा. खाली बर्फाची फॅक्टरी, समोर जेट्टी, आणि वर मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात गुलाब. बांगडा आणि गुलाब मिळून जो काही वास होतो त्यात मी दिवसभर बसते. कोळ्याच्या पोटी जन्मलेला माणूस, चेअरमन झाला आणि त्याला मासळीचा वास नकोसा झाला. शी.

नोव्हेंबरचं भरती-ओहोटीच्या वेळांचं पान काढायला घेतलं. वेळा येतात पीडीएफमध्ये. त्यातून मजकूर ओढला की जे हाती येतं ते बघवत नाही. आकडे एका बाजूला, तिथ्या जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे नुसत्या किड्यामुंग्या. ओळीच्या शेवटी न दिसणारी घाण. प्रत्येक पानाच्या डोक्यावर तोच मथळा, आणि आधीच्या पानाची शेवटची ओळ पुढच्या पानावर पुन्हा. हे सगळं गिळून स्वच्छ पान बाहेर काढणारी स्क्रिप्ट प्रसादने लिहिली आहे. प्रसाद म्हणजे चे.चा पुतण्या, खारघरला असतो. मी फक्त ती चालवते. माणगावच्या कॉलेजात तीन वर्षं कॉम्प्युटर शिकले ते याच्यासाठी.

२९ ऑक्टो.
पानावरून तिथीचा रकाना गेला. चे.ना स्वतःचा फोटो टाकायला जागा हवी होती. “तिथी कशाला पाहिजे मॅडम, जुनाट दिसतं.” फोटोत हात जोडलेले, गळ्यात हार, मागे समुद्र. समुद्रही दुसरीकडचा आहे, आपल्याकडे असलं निळं पाणी कुणी बघितलंय?

स्क्रिप्ट तिथी वाचते, पण छापत नाही.

३१ ऑक्टो.
चाललं एकदाचं. पण ३० तारखेसमोर वेळाच नाहीत. रिकामी ओळ. प्रसादला फोन केला.
“अगं चिल ना यार. डुप्लिकेट लाइन्स उडवायला कंडिशन टाकलीय, पीडीएफमध्येच काहीतरी लोचा असेल. मॅन्युअली टाक.”
चे. म्हणाले, आदल्या दिवसाची वेळ उचल, थोडी पुढे सरकव आणि टाक. कोण बघतंय?
टाकली. बोटींना पानं वाटली. हातांना काहीतरी चिकटल्यासारखं वाटत राहिलं, दोनदा धुतले.

४ नोव्हेंबर
बाबा आज बर्फ भरायला आले होते. सोसायटीच्या मोठ्या बोटीवर ते तांडेल आहेत, सुकाणू त्यांच्या हातात. नवं पान त्यांनी केबिनमध्ये बहिरीदेवाच्या फोटोशेजारी चिकटवलंय. आईने सवयीने दोघांना कुंकू लावलं. म्हणजे आता चे.च्या कपाळालाही कुंकू आहे आणि सीझन संपेपर्यंत ते पान तिथून हलायचं नाही. कुंकू लागलेला कागद आमच्यात फाडत नाहीत. हसावं की रडावं.
बाबा: “बाय, तिथी खय गेली यातली?”
म्हटलं, चे.च्या फोटोखाली गेली.
“असूं दे. वेळ तू काढलीस ना? मंग झालं.”
खलाशांनाही सांगत फिरतात, पान माझ्या पोरीनं काढलंय. मी नुसतं बटण दाबते, हे त्यांना पटत नाही.

१० नोव्हें.
आईची सकाळपासून कटकट. बहिरीला नारळ आज द्यायचा की उद्या? कॅलेंडरवर अष्टमी आज पण आहे, उद्या पण आहे. शेवटी गुरवाला विचारून आली. उद्या.
मी म्हटलं दोन्ही दिवशी दे, एक बहिरीला, एक त्याच्या शेजारच्या चे.ना. तिने लाटणं दाखवलं.

१२ नोव्हें.
बाबांची बोट खाडीच्या तोंडाशी रुतली.

१३ नोव्हें.
आता बसून लिहिते. काल संध्याकाळी परत येत होते. कागद म्हणत होता पूर्ण भरती सहाला. सध्या भांगाचे दिवस आहेत, अष्टमीच्या आसपास पाणी आधीच बेताचं भरतं, म्हणून पुरं पाणी असतानाच वाळूची पट्टी ओलांडायची असते. त्या हिशोबाने ते आत शिरले. ओहोटी लागलेली होती. भरलेली बोट वाळूवर बसली, पाणी खालून निघून गेलं आणि बोट एका कुशीवर आडवी झाली. दोन फळ्या फुटल्या. इंजिनात पाणी. माणसं चिखलातून चालत आली, देवाची कृपा. मासळी फेकली. आज सकाळी अख्ख्या किनाऱ्यावर तिचा वास होता आणि चे. नाकाला रुमाल लावून उभे होते.
बाबा जेवले नाहीत. पाय सुद्धा धुतले नाहीत, चिखल वाळून तडकलाय.

१५ नोव्हें.
चे. चारचौघांत जेट्टीवर म्हणाले, “म्हातारपणी नजर जाते, मान्य करायला पाहिजे.” बाबा मान खाली घालून उभे. ज्यांना यांनी सुकाणू धरायला शिकवलं ते पण गप्प.  ओकारी आली मला त्या सगळ्यांची.
२३ला, रविवारी, सभा. ठराव येणार: यापुढे सोसायटीच्या कुठल्याही बोटीवर बाबांना तांडेल म्हणून घ्यायचं नाही.
घरी आल्यावर बाबा ओटीवर बसले होते. आपणहून बोलले.
“पाणी उलटलेलं मना दिसलं होतं गो. फेस बाहेर चालला होता. पन कागद सांगत होता अजून भरतंय. म्हटलं, आपलीच नजर गेली.”
 

१८ नोव्हें.
डिसेंबरचं पान. नकोसं वाटत होतं, पण काढलं. डिसेंबरच्या सगळ्या ओळी बरोबर आल्या, एकही रिकामी नाही. मग नोव्हेंबरलाच एक ओळ कमी का पडली? पीडीएफ उघडून हाताने मोजल्या. त्यात तीसच्या तीस आहेत. म्हणजे एक ओळ स्क्रिप्टने खाल्ली.
उद्या बघते. आज डोकं चालत नाही. फ्रेशनरची नवी बाटली आलीय, मोगरा.

१९ नोव्हें.
सापडलं.
पानाच्या शेवटची ओळ पुढच्या पानावर परत येते ना, ती उडवायला प्रसादने एक ओळ लिहिलीय: आधीच्या ओळीतली तिथी आणि या ओळीतली तिथी एकच असेल तर ही ओळ टाकून दे. तारीख बघत नाही, तिथी बघतो! त्याच्या मते एक तिथी दोनदा आली म्हणजे कचरा. १० तारखेला अष्टमी, ११लाही अष्टमी. दुसरी अष्टमी उडाली. खालच्या सगळ्या ओळी एक घर वर सरकल्या, आणि तारखा तर स्क्रिप्ट स्वतःच एक-दोन-तीन करत बाजूला लावते. म्हणजे ११पासून पुढे प्रत्येक तारखेसमोर दुसऱ्या दिवसाचं पाणी. भांगात भरती रोज तासाभराने पुढे जाते. बाबांना कागदाने सहा सांगितले, पाणी पाचलाच भरून गेलं होतं.
तिथीचा रकाना छापलेला असता तर बाबांनी पहिल्याच दिवशी चुकीवर बोट ठेवलं असतं. त्या जागी जोडलेले हात आहेत.
आईला कळलं दोन अष्टम्या आहेत. गुरवाला कळलं. माझ्या समोर बसून ती बोलत होती आणि मी विनोद करत होते. ३०ची ओळ मी माझ्या हाताने भरली. प्रसादचा राग येतो, चे.चा येतो, पण आज सगळ्यात जास्त किळस माझीच आली.

२० नोव्हें.
चे.ना स्क्रीनवर दाखवलं. समजलं त्यांना, नीट समजलं. दार लावून घेतलं.
“हे बघ, प्रसादचं पुढच्या महिन्यात लग्न ठरतंय. आणि पान कोण काढतं? तू. सही कोणाची? तुझी. गप सुधारून टाक, नवीन पानं वाट, जुनी गोळा कर. तुझ्या बाबांचं वय झालंच होतं, नाही का?”
वर पेढा दिला. माझ्या हातात पेढा. बाहेर येऊन कुत्र्याला घातला, त्याने हुंगून सोडला.

२१ नोव्हें.
जुनी पानं गोळा करायला शिपाई पाठवला होता. रिकाम्या हाताने परत आला. सगळ्याच केबिनमध्ये पानाला कुंकू लागलेलं, तो कागद कुणी काढू देईना. चे.चा चेहरा बघण्यासारखा होता.
आणखी एक. रविवारच्या सभेचं इतिवृत्त चे.नी मला आजच टाइप करायला दिलं. सभा व्हायची आहे! “तांडेलाच्या निष्काळजीपणामुळे” असं त्यात आहे, “सर्वानुमते” असंही आहे. टाळ्या वाजल्याचं सुद्धा आहे.
टाइप केलं. शब्द बोटांखालून जात होते तसे झुरळांसारखे वाटत होते.

२२ नोव्हें.
प्रसादची ती ओळ काढून टाकली. त्या जागी माझी: तारीख तीच असेल तरच ओळ उडव. नोव्हेंबर पुन्हा चालवला. ११ला अष्टमी आली, जागच्या जागी. ३० भरली, मी हाताने टाकलेल्या वेळेच्या आधीची वेळ.
तिथीचा रकाना परत घातला. फोटोची जागा गेली. सगळ्या बोटींना पुरतील एवढ्या प्रती काढल्या, चे.च्याच प्रिंटरवर, त्यांच्याच कागदावर. पिशवीत आहेत.
बाबांना अजून सांगितलेलं नाही. दहा दिवस हा माणूस आरशासमोर एक-एक डोळा झाकून बघतोय. आणि मी चार दिवस गप्प. कशासाठी? एसीत बसून मोगरा हुंगण्यासाठी?

२३ नोव्हें., रविवार
सभा चारला. बाबांनी पांढरा सदरा इस्त्री करून घेतला. मासळी घालवून टाकणारा माणूस म्हणून हाकलायला बोलावलंय आणि हे लग्नाला निघाल्यासारखे.
जेवणं झाल्यावर पान पुढे ठेवलं. काही समजावलं नाही. चष्मा लावून वरून खाली बोट फिरवत गेले, आणि थांबले.
“अष्टमी.” बोट खाली. “अष्टमी.”
मग केबिनमधल्या पानाच्या वेळा आठवून जुळवत बसले. ओठ हलत होते. बराच वेळ.
“म्हंजे पाणी उलटलं होतं?”
“हो बाबा.”
“मना बरोबर दिसलं होतं?”
“हो.”
चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला. आई दारात उभी होती ती आत गेली. मला वाटलं आता ओरडतील माझ्यावर. ओरडले असते तर बरं झालं असतं.
“बाय, सभेत बोलू नको यातलं. माझं आता कितीसं राहिलंय? तुझा कागद खोटा म्हटला तर उद्या कुठली बोट लावील?”
मी म्हटलं, तुम्हाला दिसत असताना माझा कागद लावलात, म्हणून तर हे झालं.
“तुझा व्हता म्हणून लावला.”
 भांडी घासायला गेले, आईच्या हातातून घेतली. एक ताट तीनदा घासलं.

साडेतीन वाजलेत. बाबा वहाणा घालून ओटीवर थांबलेत. पिशवी जड झालीय, त्यांनी विचारलं काय आहे, म्हटलं ऑफिसचं. चे.नी दिलेलं इतिवृत्तही तिच्यातच आहे, टाळ्यांसकट. आणि एक कोरी वही.
सभेत बायका मागे बसतात. मी पुढे बसणार, चे.च्या बाजूच्या टेबलाशी. इतिवृत्त लिहायचं काम माझं आहे.