पाण्यात म्हटलेले शब्द

तोरिनो, २२ मार्च १९९९

ती. बाबांस,
प्रभूची शांती. सा. न. वि. वि.

आधी नीट बसून घ्या, मग वाचा. ज्या बातमीसाठी तुम्ही इतकी वर्षं गुडघे झिजवलेत ती आज मी देतेय. बाबा, मी बाप्तिस्मा घेतला. मंडळी चालवणाऱ्या वडिलांची मुलगी आणि सत्ताविशी गाठली तरी कोरडीच, असं म्हणणाऱ्यांची तोंडं आता बंद होतील.

इथे नदीकाठ वगैरे काही नव्हता. टायरच्या दुकानामागे एक खोली आहे, तिथे वीस-बावीस जण जमतात. मधोमध लहान पोरांचा निळा प्लास्टिकचा हौद. तुम्ही हसाल, पण मी त्यातच उतरले. आईची फार आठवण आली. बंधू अन्सेल्मो यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रेषितांनी केलं तसं येशू ख्रिस्ताच्या नावाने मला पाण्यात बुडवलं. वर आले आणि रडूच आवरेना. घरी गेले तर सिन्योरा ओर्तेन्सिया (ज्यांची मी देखभाल करते त्या आजी) म्हणाल्या की तू आधीपासून ख्रिस्तीच आहेस, मग पुन्हा भिजायची हौस कशाला? पण माझे केस त्यांनीच पुसले.

दुसरी बातमी तुम्हाला ठाऊकच आहे, आता ती पक्की झाली. एमीलला ऑगस्टात सुट्टी आहे. आमचं लग्न रुंकूलाच, आपल्या गावी, आपल्या मंडळीत, तुमच्याच हातून. आत्याला सांगा, तिच्या चपलांचं माप पाठव.

तुमचा आशीर्वाद पाठीशी असू द्या.
तुमची,
तबिता

रुंकू, १२ एप्रिल १९९९

चि. तबितास,
प्रभूची शांती व अ. उ. आ.

पत्र शनिवारी आलं. पहिल्या चार ओळी वाचल्या आणि पुढची अक्षरंच दिसेनात. म्हटलं, उरलेलं उद्या सगळ्यांसमोर वाचू. परदेशी गेलेल्या लेकरांची पत्रं मंडळीत वाचायची आपली रीतच आहे, आणि इतकी वर्षं मी इतरांच्या मुलांची वाचत आलो. या वेळी माझ्या मुलीचं होतं. पोरी, मी फुशारलो होतो.

उभा राहून वाचत गेलो. हौदाचं वाचलं तेव्हा बायका रडू लागल्या. मग 'येशू ख्रिस्ताच्या नावाने' हे शब्द माझ्याच तोंडून बाहेर पडले आणि माझं वाचणं तिथेच थांबलं. बंधू फिलारेत उठले. त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे, माणूस वाईट नाही, पण शास्त्रवचनाच्या बाबतीत सुईच्या टोकाएवढंही सोडायचे नाहीत. प्रभूने पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा द्या असं सांगितलं, बायबलात मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात, आणि ज्यांना ती तिन्ही नावं घ्यायची लाज वाटते ते पिता, पुत्र आणि आत्मा मिळून एकच देव हे त्रैक्य नाकारतात, असं ते म्हणाले. मी त्यांना अडवलं नाही. मीही आयुष्यभर तेच शिकवत आलोय.

मंडळीच्या पंचांनी ठरवलं आहे की तू मे महिन्यात पेन्टेकॉस्टच्या सणाला येऊन नदीत पुन्हा बाप्तिस्मा घ्यावास, तिन्ही नावांनी. नाहीतर मंडळीत लग्न नाही आणि सगळी मंडळी मिळून खाते ती प्रभुभोजनाची भाकरही नाही. रागावू नकोस. एकदा पाण्यात उतरलीस, आणखी एकदा उतरलीस तर काय बिघडेल? तुझं काही जाणार नाही आणि माझी मान खाली जायची वाचेल.

सावेताआत्यानं चपलांचं माप मोठ्या दिमाखात धाग्यावर घेतलं आहे, सोबत पाठवतो. तुझी आई असती तर मला चांगलंच झापलं असतं, हे जाणून आहे.

तुझं भलं चिंतणारा,
बाबा

तोरिनो, २९ एप्रिल १९९९

ती. बाबांस,
प्रभूची शांती. सा. न.

रागावू नको असं लिहिलंत, म्हणून दोन दिवस थांबून लिहिते आहे. तरी रागावलेच आहे, तेव्हा चूकभूल पदरात घ्या.

काय बिघडेल म्हणता? बाबा, बिघडेल. मी तुमच्या नदीत उतरले तर मागच्या महिन्यात मी जे केलं ते काहीच नव्हतं, असं देवासमोर म्हटल्यासारखं होईल. ते खोटं आहे. एकच प्रभू, एकच विश्वास, एकच बाप्तिस्मा, हे मला मांडीवर बसवून कुणी पाठ करून घेतलं? फिलारेतकाकांनी नाही.

मी काही पंथ बदललेला नाही. इथले लोक खूप काही सांगतात, की पिता म्हणजेही येशू आणि आत्मा म्हणजेही येशू. मला ते सगळं पटत नाही, कळतही नाही. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्राने लोकांना येशू ख्रिस्ताच्या नावानेच बाप्तिस्मा घ्या असं सांगितलं, एवढं मी स्वतः वाचलं. आणि प्रार्थनेला बसले की तुम्ही शिकवलं तसं 'हे पित्या' हेच तोंडात येतं. यात मी कुणाला नाकारलं?

काकांना काय वाटतं याचं मला फारसं दुःख नाही. तुम्ही माझ्यासाठी एक शब्दही बोलला नाहीत, हे लागलं. मी पेन्टेकॉस्टला येणार नाही. ऑगस्टात इथल्याच कचेरीत सही करून लग्न करू. एमील माझी समजूत काढतोय. तो गवंडी आहे, रोज भिंती बांधतो, पण आमच्या घरातली ही भिंत त्याला पाहवत नाही.

तब्येतीला जपा. रागातही तुमचीच,
तबिता

रुंकू, २४ मे १९९९

लाडक्या तबितास,
शांती गं बाई. आत्याचे गालावर पापे.

माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेलं अंगण, पण तुझा बाप लिहीत नाही म्हणून मला लिहिणं भाग आहे. तुझं पत्र आल्यापासून तो मक्याच्या पिठाची मामालिगा नुसती चिवडतो, खात नाही. काल पेन्टेकॉस्ट झाला. तू आली नाहीस. नदीवर बाप्तिस्मे आटोपले आणि मंडळीत फिलारेतनं तुझा विषय काढला, की तबिता आता बाहेरची समजावी. तुझा बाप निकोदिम मान खाली घालून बसला होता. मला राहवेना. आपल्यात बायका सभेत बोलत नाहीत, पण त्र्याहत्तराव्या वर्षी मला कोण बाहेर काढणार?

मी उठले आणि म्हटलं, मग मलाही बाहेरची समजा.

तुला हे कधी सांगितलं नव्हतं. युद्धाच्या वर्षांत आपल्या लोकांवर बंदी होती. चार जण मिळून गुडघे टेकले तर उचलून नेत. नदीवर बाप्तिस्मा घेणार कसा? तेव्हा मंडळी सांभाळणाऱ्या तोआदेरबाबांनी युक्ती काढली. सप्टेंबरात सगळं गाव ताग कुजत घालायला डोहात उतरायचं. आम्ही पोरीही उतरलो, कमरेएवढ्या पाण्यात, भाऱ्यांवर दगड ठेवत. पुलावर शिपाई उभा. तोआदेरबाबा दगड ठेवायला म्हणून जवळ आले आणि माझं डोकं धरून बुडवलं, मग शेजारच्या वार्वाराचं. शिपाई खदाखदा हसला, म्हाताऱ्याला चेष्टा सुचतेय म्हणून. मी वर आले ती कुजक्या तागाच्या घाणीसकट, आणि आनंदानं थरथरत.

शब्द? बाबांनी तोंडही उघडलं नाही. उघडलं असतं तर सगळेच आत गेलो असतो. मनात तीन नावं घेतली की एक, कोण जाणे. त्याच हिवाळ्यात त्यांना धरून नेलं, ते परत आलेच नाहीत. आणि घेतली असती तरी मला काय ऐकू येणार होतं? कानांत पाणी होतं.

हे सगळं मी भर सभेत सांगितलं. मग फिलारेतला विचारलं की अरे, ती वार्वारा म्हणजे तुझीच आई, तीन वर्षांपूर्वी आपण तिला मंडळीची बहीण म्हणून पुरलं, तू स्वतः तिच्यावर गायलास. ती बाप्तिस्म्याची होती की नाही?  फिलारेत मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मला वाईट वाटलं गं. आईवरून बोलायला नको होतं, पण बोलून गेले.

मंडळीनं निर्णय तुझ्या बापावर सोडला आहे. चपला मिळाल्या, डावी चावते. लग्नात मी नाचणार नाही, आपल्यात चालत नाही, पण पाय हलताना दिसले तर तिकडे पाहू नकोस.

तुझी ओढ असलेली,
सावेताआत्या

रुंकू, ६ जून १९९९

चि. तबितास,
प्रभूची शांती व अ. उ. आ.

तुझ्या पत्राला इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण उत्तर नव्हतं. आता आहे.

मी मागच्या रविवारी मंडळीला सांगितलं की माझी मुलगी बाप्तिस्मा घेतलेली आहे. तिला मी पुन्हा पाण्यात उतरवणार नाही आणि कुणाला उतरवूही देणार नाही. हे ज्यांना मान्य नसेल त्यांनी प्रभुभोजन वाटायला मंडळीचा दुसरा वडील शोधावा. अजून कुणी शोधलेला नाही, पण तीन घरं त्या दिवसापासून आली नाहीत. त्यांच्याकडे जाऊन बसेन. त्यांनाही मीच शिकवलं होतं, दोष त्यांचा नाही.

शब्दांचं कोडं मला सुटलंय असं समजू नकोस. मी ज्याला ज्याला बाप्तिस्मा देईन त्याच्यावर मरेपर्यंत तिन्ही नावं घेईन, कारण प्रभूने तसं सांगितलं असं मी मानतो. पेत्राने काय म्हटलं तेही त्याच पुस्तकात आहे, तू म्हणतेस ते खरं. पण मी इतकी वर्षं देवाजवळ मागत होतो ते शब्द नव्हते, तू होतीस. त्याने तू दिलीस आणि मी हिशेब तपासत बसलो. तुझ्यासाठी बोललो नाही. याची मला लाज वाटते, पोरी.

फिलारेत काल आले होते. तागाचा डोह कुठे होता ते दाखव म्हणाले. ताग आता कुणी लावत नाही, तिथे नुसती लव्हाळी आहे. टोपी हातात घेऊन तिथे उभे राहिले. तुझ्या बाप्तिस्म्याला होय म्हणणार नाही, पण लग्नात गाईन, असं सांगितलं आहे. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं, तू मनात धरू नकोस.

लग्न इथेच होईल. तुम्हा दोघांवर हात ठेवून मी तिन्ही नावं मोठ्यानं घेणार आहे, तेवढं तुला सोसावं लागेल. त्याआधीच्या रविवारी प्रभुभोजन आहे. भाकर मोडून पहिला तुकडा मी तुझ्याकडेच आणीन. तुझ्यामागून कुणी हात पुढे करतील, कुणी करणार नाहीत. जी उरेल ती टाकायची नाही, हे तू जाणतेस. आपण दोघं बापलेक तिथेच बसून ती संपवू.

एमीलला आशीर्वाद. लवकर या, आणि माझ्यावरची माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
बाबा