भरल्या पोटी उचललेला अजगर

प्रेक ताखेव, बासाक नदीकाठ
६ ऑक्टोबर २००३

प्रिय वान्ना,

तू सिएम रीपला सुखरूप पोचला असशील. इकडे आम्ही ठीक आहोत. नदी यंदा जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आली, पण घरात शिरली नाही. आईच्या डोळ्यांवरचा पडदा वाढलाय, सुईत दोरा आता मीच ओवून देते.

पत्राचं कारण वेगळं आहे. नीट वाच आणि त्या सापबागेच्या मालकालाही वाचून दाखव. अजगराला अजून पंधरा दिवस काहीही खायला घालू नका. बदक नाही, कोंबडी नाही, उंदीरसुद्धा नाही. त्याला ओकारी झालीय, घसा आतून सोलून निघाला असेल. अंग बुडेल एवढ्या टबात पाणी ठेवा. मग पहिल्यांदा एखादं लहान पिल्लू द्या, तेही मारून. बदकाला हात लावला असेल तर आधी साबणानं धुवा, नाहीतर तो हातच धरील. आणि इतक्यात त्याला पर्यटकांच्या गळ्यात घालू नका.

मला कसं कळलं म्हणून दचकला असशील. सारून काका सणानंतर तुला गाडीतून सोडून तसेच सासुरवाडीला गेले होते. परवा परतले ते थेट आपल्या अंगणात, कमरेवर हात ठेवून उभे.

"कुंथिये, कुठाय तुझा भाऊ? पोत्यात सुके मासे आहेत म्हणाला! सुका मासा कधी अख्खं बदक ओकतो का गं? त्या सापबागेच्या ट्रकशी त्याला सोडेपर्यंत माझी गाडी घाण. सासऱ्यांसाठी घेतलेली केळी फेकून द्यावी लागली!"

आधी मला हसू आलं, खरंच. मग मी जिन्यावर बसूनच घेतलं.

दहा दिवस मी स्वतःला शिव्या घालत होते रे. अजगराच्या पेटीची कडी लावायला मीच विसरले असं तू म्हणालास आणि मी ते मानलं. पितरांच्या पंधरवड्याचा शेवटचा दिवस, मी आणि आई भाताचं ताट घेऊन विहारात गेलेलो. परत येऊन बघते तर पेटी उघडी. तू माझ्याबरोबर होडीत बसून लव्हाळ्यात शोधलंस. "ताई, रडू नकोस," म्हणालास. आईला काय सांगायचं तेही तूच सुचवलंस, कात टाकतोय म्हणून सांग, अंगाला हात लावू नको म्हण. एवढं सगळं तुला सुचलं कसं?

आदल्या संध्याकाळी तू म्हणालास, "आज राहू दे ताई, अजगराला मी भरवतो." माझा ऊर भरून आला होता. मग तू विचारलंस, जेवल्यावर हा किती दिवस सुस्त असतो? मी सांगितलं, आठवडाभर हलत नाही, पोर अंगावर चढलं तरी डोळा फिरवत नाही. भरल्या पोटी त्याला उचलायचं नसतं हे मी सांगितलं नाही, कारण त्याला कोणी उचलून नेईल असं माझ्या मनातच नव्हतं.

खोटं कशाला लिहू, आलं होतं मनात. तू त्याची लांबी वितीनं मोजत होतास तेव्हा आलं होतं. पण चार वर्षांनी तू सणाला घरी आला होतास. मी तुला भात वाढला.

तो आपला बाप आहे की नुसता अजगर, मला माहीत नाही. बाबा नदीत गेले त्या वर्षी हातभर पिल्लू जिन्याखाली येऊन बसलं आणि आई त्याला "अहो" म्हणायला लागली, एवढंच मला माहीत. इतरांचे पितर घासभर भातासाठी सात विहार धुंडाळतात, आपले घरीच असतात, असं ती दर वर्षी शेजारणींना ऐकवायची. हे दहा दिवस ती रिकाम्या पेटीशी बसून "अहो, पाऊस थांबला बघा," असं बोलत होती. मी शेजारी बसून ऐकत होते. ते पाप माझं, तुझ्या अंगावर घालत नाही.

आता सांगते. काकांचा आवाज तुला माहीत आहे, आईनं सगळं ऐकलं. रडली नाही. पेटीत हात घालून तळ चाचपला. मी म्हटलं, "आई, वान्नाला पत्र लिहिते, परत आणायला सांगते."

"तो काय परत आणणार?" ती म्हणाली. "दुसरा कोणी असता तर ह्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. लहानपणी ह्यांच्या वेटोळ्यात झोपायचा तो. त्याचा वास आला म्हणून गेले मुकाट."

मग तिनं मला हाक मारली. "लिहितेयस तर एक विचार त्याला. पोत्यात घालताना बापाचं डोकं हातावर घेतलं होतंस, की तसंच खाली सोडलंस?"

विचारलं. उत्तर मला नको, तिला पाठव.

कुंथिया