निरोगी आणि स्वावलंबी

नॉटिंगहॅम, ३ मार्च २०२५

ती. श्यामलाताईस,
यमुनाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर रडू येतं, म्हणून लिहितेय. आम्हा दोघांना इथे कायम राहायची परवानगी मिळाली, आमच्या लेकीला, ऋजुताला, मात्र नाही. तेवीस वर्षांची घोडी, स्वतःच्या पायांवर उभी आहे म्हणे! ती आमच्यावरच अवलंबून आहे, असं सांगून आम्ही अपील केलंय. महिन्यातून दोनदा फिट येते तिला. ती आंघोळीला गेली की मी दाराबाहेर उभी असते. पण सरकारी वकिलांनी तू विवाह मंडळाच्या साइटवर टाकलेला बायोडेटा पुढे केलाय : ‘निरोगी, स्वावलंबी, एकटी राहण्याची सवय.’ आमच्या वकीलबाई म्हणतात, लग्नासाठी आजार लपवला हे कोर्टात सरळ सांगा. पंचवीस तारखेला सुनावणी आहे. फार भीती वाटतेय गं.

तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी यमुना

पुणे, १४ मार्च

चि. यमुनास,
अनेक आशीर्वाद.

माझ्या हौसेपायी पोर गोत्यात आली. अगं, फिट येणाऱ्या मुलीला कोण विचारतं? आणि बायोडेट्यात खरं लिहितं कोण? तुझ्या वेळी मी ‘सुगरण’ लिहिलं आणि रघुवीररावांनी वर्षभर करपलेल्या पोळ्या खाल्ल्या! बायोडेटा मी काढायला लावलाय. सगळं माझ्यावर ढकल, मला खोटारडी म्हण, पण स्पष्ट बोल.

म्हातारीवर राग धरू नकोस.
तुझी ताई

नॉटिंगहॅम, २ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अपील फेटाळलं.

दोष तुझा नाही. कोर्टात दुभाषी म्हणून मराठी मंडळातल्या सुलक्षणाताई निघाल्या, गणपतीत आरतीला माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या. मुलीला नेमकं काय होतं, असं विचारलं आणि त्यांच्यासमोर माझी जीभच उचलली नाही. म्हटलं, अधूनमधून चक्कर येते, आता बरीच बरी आहे. त्यांनी शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला. डॉक्टरांची पत्रं होती, पण निकालात लिहिलंय की खुद्द आईच बरी आहे म्हणते. ऋजुता माझ्याकडे बघत राहिली.

वकीलबाई म्हणतात, आता फारसं काही उरलेलं नाही, तिला भारतात परतावंच लागेल. यांच्या बायपासला तीनच आठवडे झालेत, त्यामुळे मला सोबत येता येत नाही. अठरा तारखेचं विमान आहे. तू मुंबईला घ्यायला ये. विमानात तिच्या शेजारी कोण असेल देव जाणे. ‘मला फिट येते’ असं तिने बसल्या बसल्या त्याला सांगायचं, एवढं आम्ही रोज घोकून घेतोय.

पोरीला आता तूच सांभाळ.
यमुना